शिव्या सिनेमाला, खोड टीव्हीत

घरी पाहिलेल्या सिनेमांबद्दल चार ओळी लिहून पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. मतं भरभरून आली आहेत. काही पत्रं वाचताना मात्र वाटलं की आरोपी भलताच पकडला गेलाय. दिग्दर्शकाच्या नावाने बोटं मोडलीत, आणि दोष आहे रिमोटच्या तिसऱ्या मेनूत. म्हणून या वेळी मतांबरोबर दुरुस्तीही.

'सैराट' परत पाहिला. बोलणं ऐकू यावं म्हणून आवाज ३५ वर न्यावा, तर 'झिंगाट' लागताच शेजारी दार वाजवतात. उत्तरार्ध रटाळ वाटला. शेवटी तर आवाजच गेला. टीव्ही बंद करून परत लावला तरी तेच. – वाचक, बार्शी

शेवटापासून सुरू करू. आवाज गेलेला नाही, काढून घेतलेला आहे. शेवटच्या काही क्षणांत नागराज मंजुळे यांनी ध्वनी पूर्ण बंद ठेवला आहे. नेमक्या त्याच वेळी तुम्ही रिमोट शोधत होतात. तेवढा भाग पुन्हा पाहा, आणि हात मांडीवर ठेवून पाहा.

आता 'झिंगाट'चं. सिनेमाचं ध्वनिमिश्रण थिएटरसाठी होतं आणि त्यात सहा वाटा असतात : पुढे तीन, मागे दोन, एक खर्जाची. माणसांचं बोलणं बहुतेक मधल्या वाटेने येतं. घरच्या टीव्हीला मधला स्पीकर नसतो. मग मधल्या वाटेचा आवाज साधारण ३ डेसिबलने उतरवून डाव्या-उजव्या स्पीकरांत वाटला जातो आणि त्याच स्पीकरांतून संगीतही वाजतं. अजय-अतुल यांनी या सिनेमासाठी लॉस एंजेलिसला सिंफनी ऑर्केस्ट्रा ध्वनिमुद्रित केला होता. एवढा वाद्यमेळ दहा-दहा वॉटच्या दोन स्पीकरांतून यायचा, तेही बहुतेक टीव्हींत खाली किंवा मागे भिंतीकडे तोंड केलेल्या, म्हटल्यावर आर्चीचं बोलणं गाडलं जाणारच. वर पंख्याची घरघर आहेच.

उपाय याच क्रमाने करा. सिनेमा चालू असताना ऑडिओच्या यादीत '५.१' (म्हणजे वर सांगितलेल्या सहा वाटा) आणि 'स्टिरिओ' (डावी-उजवी अशा दोनच) असे दोन पर्याय दिसले तर स्टिरिओ घ्या. दोन स्पीकरांचा हिशेब त्यात आधीच धरलेला असतो. मग टीव्हीच्या साऊंड मेनूत 'व्हर्च्युअल सराउंड' बंद करा. बोलणं पसरट आणि लांबून आल्यासारखं ऐकू येतं ते बऱ्याचदा त्याच्यामुळे. त्यानंतर 'क्लिअर व्हॉइस' किंवा तत्सम नावाचा पर्याय चालू करा. एवढ्याने भागलं नाही तरच 'नाइट मोड' किंवा 'ऑटो व्हॉल्यूम'. तो मोठे आवाज दाबतो आणि लहान उचलतो, त्यामुळे शेजारी खूश होतील, पण गाण्यातला दम जाईल. म्हणून तो सगळ्यात शेवटी. साऊंडबार असेल आणि त्यात दोनच वाटा असतील, तर टीव्हीच्या डिजिटल आउटपुटला 'पीसीएम', म्हणजे साधा दोन वाटांचा आवाज, निवडा. टीव्ही कपाटाच्या कोनाड्यात खोल ढकललेला असेल तर चार बोटं पुढे ओढा, कारण कोनाड्यात खर्ज घुमतो आणि त्याखाली शब्द बुजतात.

राहिला उत्तरार्ध. रटाळ वाटला, हे मत आहे आणि ते तुमचं तुमच्यापाशी. पण गाण्यांचा आणि स्लो मोशनचा सगळा भर पूर्वार्धात आहे. गाव सुटून हैदराबाद आलं की ते लाड बंद होतात. रिकामं वाटतं ते तिथे काहीतरी काढून घेतल्यामुळे. सिनेमा १७४ मिनिटांचा आहे. मध्यंतराला उठा, चहा करा, पण उरलेला भाग दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. आदल्या रात्रीची झिंग उतरल्यावर पाहिलेला उत्तरार्ध नुसता संथ दिसतो. लागोपाठ पाहिला तर पायाखालची जमीन सरकल्यासारखा दिसतो.

'तुंबाड'चं एवढं कौतुक ऐकलं, पण अर्धा वेळ पडदा काळा. ब्राइटनेस ८० केला तर सगळं राखेत लोळवल्यासारखं. – वाचक, नागपूर

पत्रात पुढे 'दुपारी तीनला लावला' असं लिहिलंय. खरं उत्तर त्यातच आहे, पण नुसतं 'रात्री बघा' म्हणून सुटका करून घेत नाही.

बहुतेक टीव्हींत 'ब्राइटनेस' हे नाव फसवं असतं. तो आकडा उजेड वाढवत नाही, काळा रंग किती काळा ठेवायचा ते ठरवतो. तो वाढवला की काळ्याची राख होते, उतरवला की सावलीतले तपशील गिळले जातात. उजेड वाढवायचं बटण वेगळं असतं : 'बॅकलाइट', ओएलईडी टीव्हीत 'ओएलईडी लाइट' किंवा त्यासारखं काही. सोनीच्या बऱ्याच टीव्हींत मात्र 'ब्राइटनेस' म्हणजेच बॅकलाइट आणि काळ्याचा आकडा 'ब्लॅक लेव्हल' नावाने. तिथे नाव वाचून हात लावा.

आधी पिक्चर मोड 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' करा. 'इको', 'लाइट सेन्सर' आणि 'डायनॅमिक कॉन्ट्रास्ट' बंद. हे तिघे अंधाराच्या प्रसंगात आपापल्या मनाने उजेड खालीवर करतात. मग कंदिलाच्या उजेडातला एखादा प्रसंग थांबवा आणि काळ्याचा आकडा हळूहळू असा लावा की काळ्या कपड्याच्या चुण्या जेमतेम दिसाव्यात. सिनेमाच्या वरखाली काळ्या पट्ट्या असतील तर माप त्यांच्यावरूनच घ्या. त्या राखाडी दिसू लागल्या की दोन घरं मागे या. आता उजेड कमी वाटला तर फक्त बॅकलाइट वाढवा.

तरीही अंधारात चौकोनी ठिपके नाचत असतील तर दोष जोडणीचा. चित्र लहान करून पाठवताना सर्वांत आधी काटछाट होते ती काळोखातल्या बारकाव्यांची. फुल एचडी म्हणजे १०८० साठी सेकंदाला निदान ५ मेगाबिटचा वेग हवा, ४के साठी १५. पावसाळी अंधारात कंदील धरून चालणारा हा सिनेमा आहे. दुपारी, वायफायच्या दोन दांड्यांवर, पडदे उघडे ठेवून त्याच्याविषयी मत बनवणं म्हणजे झाकलेल्या पातेल्याचा वास घेऊन आमटीला नावं ठेवणं.

'संत तुकाराम' आजीसोबत पाहिला. पागनीस असे जाडजूड कसे? – वाचक, इस्लामपूर

नव्हते. तुकारामांचं काम करणाऱ्या विष्णुपंत पागनीसांना तुमच्या टीव्हीने बाळसं दिलंय. १९३६ चा प्रभातचा पडदा जवळपास चौकोनी : उंची १ धरली तर रुंदी सुमारे १.३७. आजच्या टीव्हीची रुंदी १.७८. चित्र ताणून पडदा भरला की प्रत्येक माणूस ३० टक्के रुंद होतो. ताणण्याऐवजी 'झूम' केलं तर माणसं प्रमाणात राहतात, पण उंचीतला जवळपास चौथा हिस्सा कापला जातो. वरून पगडी जाते आणि खालून पाय.

'पिक्चर साइज'मध्ये 'ओरिजिनल' किंवा 'ऑटो' निवडा. चित्राच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या आल्या म्हणजे बरोबर जमलं. कधी कधी इंटरनेटवर चढवणाऱ्यानेच चित्र ताणून चढवलेलं असतं. मग टीव्हीला हाताने '४:३' सांगावं लागतं. ओळखायची खूण सोपी : पडद्यावर टाळ, जातं किंवा गाडीचं चाक समोरून दिसलं की थांबवा. ते गोल असलं पाहिजे. अंडाकृती दिसलं तर तुकोबाही खरे नाहीत.

(याच विषयावर दुसरं पत्र ठाण्याहून : 'नव्या सिनेमात वरखाली काळ्या पट्ट्या येतात, पैसे पूर्ण पडद्याचे घेतात.' रुंद पडद्याच्या सिनेमाचं प्रमाण २.३९ असतं. तो तुमच्या टीव्हीच्या उंचीतला तीन चतुर्थांश भाग व्यापतो. झूम करून भरलात तर रुंदीतला चौथा हिस्सा जाईल, आणि दोन टोकांना उभे असलेले दोघे बोलत असतील तर दोघेही. पट्ट्या राहू द्या.)

'कुंकू' छान, पण प्रिंट अपुरी वाटते. कित्येक प्रसंगांत पार्श्वसंगीतच नाही आणि मागे सतत खरखर. – वाचक, गोरेगाव

अर्धी तक्रार मागे घ्या. १९३७ साली व्ही. शांताराम यांनी या सिनेमात पार्श्वसंगीत मुद्दाम वापरलं नाही. जो आवाज येतो तो प्रसंगातल्याच कुठल्या तरी वस्तूचा किंवा माणसाचा. संगीत नसल्यामुळे केशवराव दात्यांनी रंगवलेल्या काकासाहेबांचं भिंतीवरचं घड्याळ एखाद्या पात्रासारखं बोलू लागतं. रडायचं कधी ते सांगायला व्हायोलिन नाही. नायिका झालेल्या शांता आपटेंच्या चेहऱ्याकडे बघून प्रेक्षकाने स्वतःच ठरवायचं. आज पाहतानाही हा निर्णय धीट वाटतो. आजकालच्या मालिकांत दार उघडलं तरी ढोल वाजतो, त्या सवयीच्या कानाला सुरुवातीला चुकल्यासारखं होणारच. दहा मिनिटं द्या.

खरखर मात्र खरी आहे. त्या काळचा आवाज फिल्मच्या कडेला प्रकाशाच्या पट्टीच्या रूपात छापलेला असे. त्या पट्टीवरची धूळ आणि चरे आवाज बनून ऐकू येतात. ८ किलोहर्ट्झच्या वर त्या ध्वनीत कामाचं फारसं काही नसतं, त्यामुळे टीव्हीच्या इक्वलायझरमध्ये सर्वांत उजव्या एक-दोन पट्ट्या निम्म्याने खाली आणा. खरखर उतरेल, शब्दांना धक्का लागणार नाही. 'क्लिअर व्हॉइस' इथे लावू नका. तो खरखरीलाही उचलतो. आणि हो, हाच सिनेमा हिंदीत 'दुनिया न माने' नावाने एकाच वेळी बनला होता. आपण कुठला पाहतोय ते सुरुवातीलाच तपासा.

'राजा हरिश्चंद्र'चे तुकडे मुलांना दाखवले. माणसं पळापळ करतात म्हणून मुलं हसत सुटली. – शिक्षिका, नाशिक

फाळक्यांची माणसं पळत नव्हती. मूकपटाच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला साधारण १६ ते १८ चित्रं. बोलपट आल्यावर वेग २४ वर पक्का झाला. जुनी फिल्म २४ च्या वेगाने चालवली की चालणारा माणूस धावतो. ३५ मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ चित्रं बसतात. म्हणजे १००० फुटांचं रीळ १६ च्या वेगाने १६ मिनिटं ४० सेकंद चालेल, २४ ने ११ मिनिटांत संपेल. मूळ सिनेमा सुमारे ३७०० फुटांचा होता. आज दिसतात ती शिल्लक राहिलेली रिळं, पूर्ण सिनेमा नव्हे, हेही मुलांना सांगा.

वर्गात करायचं एवढंच : यूट्यूबच्या सेटिंगमध्ये 'प्लेबॅक स्पीड' ०.७५ करा. २४ चे पाऊण म्हणजे बरोबर १८. चाल नैसर्गिक दिसली तर ठीक. काही ठिकाणी वेग आधीच दुरुस्त केलेला असतो, तिथे ०.७५ वर माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसतील; मग पुन्हा १ वर या. मागे कुणी नवं संगीत जोडलेलं असेल तर आवाज बंद ठेवा.

नवा ५५ इंची टीव्ही घेतला. त्यावर प्रत्येक सिनेमा मालिकेसारखा दिसतो. – वाचक, डोंबिवली

सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा. टीव्ही मधल्या जागा स्वतःच्या कल्पनेने भरून ५० किंवा ६० चित्रं करतो. हालचाल तुपासारखी गुळगुळीत होते आणि सेटवरचा प्लायवूड दिसू लागतो. एलजीत याचं नाव 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' किंवा जुन्यांत 'ऑटो मोशन प्लस'. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर एका फटक्यात काम होतं. क्रिकेटला पुन्हा चालू केलंत तर हरकत नाही. बसायचं अंतर कर्णाच्या १.६ पट ठेवा : ५५ इंचांना सव्वासात फूट, ४३ ला पावणेसहा.

ब्लूटूथ स्पीकर जोडल्यापासून सगळ्या सिनेमांचं डबिंग खराब वाटतं. – वाचक, मडगाव

'सगळ्या' म्हटलंत तिथेच उत्तर मिळालं. ब्लूटूथमध्ये आवाज १०० ते ३०० मिलिसेकंद मागे पडतो. तोच प्रसंग टीव्हीच्या स्पीकरवर लावून पाहा. ओठ जुळले तर डबिंग निर्दोष. टीव्हीच्या 'ऑडिओ डिले'चा इथे सहसा उपयोग होत नाही, कारण तो आवाज आणखी मागे ढकलतो, आणि तुम्हाला तो पुढे आणायचा आहे. तार जोडा, ऑक्सची साधी तारही चालेल. विंडोज लॅपटॉपवर व्हीएलसी प्लेअरमध्ये पाहत असाल तर इंग्रजी जे आणि के या कळांनी आवाज ५०-५० मिलिसेकंद पुढेमागे करता येतो. तुम्हाला लागेल ती 'जे' ही कळ.

'कोर्ट' दीडपट वेगाने पाहिला. तरी संथ. आणि कोर्टातले दिवे गेल्यावर संपला समजून बंद केला, तर भाऊ म्हणतो शेवट पाहिलाच नाहीस. – वाचक, कोल्हापूर

भाऊ बरोबर आहे. कोर्टाला सुट्टी लागते, माणसं जातात, दिवे मालवतात, पडदा अंधारतो. आणि सिनेमा पुढे चालू राहतो. नंतर काय आहे ते इथे सांगत नाही, पण साऱ्या सिनेमाची टोचणी तिथे आहे. घरी पाहताना पडद्याखालची वेळेची रेघ बघूनच सिनेमा संपला म्हणा.

११६ मिनिटांचा सिनेमा दीडपट वेगाने ७७ मिनिटांत उरकतो. वाचलेल्या ३९ मिनिटांत काय गेलं? चैतन्य ताम्हाणे यांचा कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, लांब उभा असतो. मुख्य बोलणं संपल्यावरही तो लगेच हलत नाही. सरकारी वकील कलमं वाचतात, मागे कुणी पेंगतं, कुणी आत येतं, आणि विनोदही तिथेच आहे. खटला खेचला जातोय हे कळायला तो खेचला गेलेला जाणवायला हवा. वेग वाढवला की ओळी कळतात, कंटाळा कळत नाही. आणि इथे कंटाळा हाच मुद्दा आहे. पुढच्या वेळी नेहमीच्या वेगाने, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि चौकटीच्या मधोमध न बघता कोपऱ्यांत बघा. तरीही आवडला नाही तर बिनधास्त तसं लिहा. ते मत पूर्ण सिनेमाचं असेल.

सातवीतल्या मुलाबरोबर काय पाहावं हे ठरवायला 'यू/ए' एवढंच दिसतं. – वाचक, पुणे

आता त्यात तीन पायऱ्या आहेत : ७+, १३+ आणि १६+. ओटीटीवर २०२१ पासून, थिएटरच्या प्रमाणपत्रात २०२४ पासून. जुन्या सिनेमांवर नुसतं यू/ए असेल. ओटीटीवरचं वर्गीकरण तो मंच स्वतः करतो, सेन्सॉर बोर्ड नाही. त्यामुळे थिएटरात पाहिलेला आणि घरी दिसणारा सिनेमा काही ठिकाणी तंतोतंत एक नसतो. वयाच्या आकड्याशेजारी हिंसा, भाषा असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, ते आधी वाचा.

कुटुंबाच्या ग्रुपवर सिनेमाबद्दल लिहिलं की कुणीतरी 'शेवट फोडलास' म्हणून भांडतं. कितपत सांगावं? – वाचक, रत्नागिरी

गोष्टीचा पहिला पाव भाग सांगायला हरकत नाही. दोन तासांच्या सिनेमात पहिली तीस मिनिटं. पुढचं नको. 'शेवटी जबरदस्त धक्का आहे' हेसुद्धा नको. त्या वाक्यानंतर माणूस सिनेमा पाहत नाही, धक्क्याची वाट पाहतो. कोण मरतं ते न सांगताही 'रुमाल जवळ ठेवा' म्हटलं की अर्धं फुटलंच. 'मस्त', 'बकवास', 'टाइमपास' यांनी काही फुटत नाही, पण काही कळतही नाही. त्याऐवजी एक जागा धरा : 'जेवणाच्या पंगतीचा प्रसंग सरळ एका दमात घेतलाय' किंवा 'नायकाचं मालवणी पुस्तकी वाटतं'. मावशीला ते पाहावंसं वाटेल की नाही, ते तिचं तिला ठरवता येईल. विनोदी सिनेमा असेल तर एकट्याने पाहिला की पाच जणांत, तेही लिहा. एकट्याने पाहिलेल्या विनोदी सिनेमाबद्दलचं मत फार कठोर निघतं.

पुढच्या अंकासाठी पत्र पाठवताना सिनेमाचं नाव आणि साल, कुठल्या भाषेतला पाहिला, टीव्ही किती इंची की फोनवर, दिवसा की रात्री, सलग की तुकड्यांत, आणि आवाज कशातून, एवढं पहिल्या ओळीत लिहा. मत त्याखाली, शंभर शब्दांत. 'तुंबाड'वाल्या नागपूरकरांनी रात्री पुन्हा पाहिला तर जरूर कळवावं.